सुधाकराची 'केस'

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी मध्यंतरी क्षेत्रकार्याचा अहवाल घेऊन माझ्याकडे आली. बी. ए.ला ती आमच्याकडेच मराठी वाङ्मय शिकली होती. 'सर, भाषा तेवढी तपासून द्या,' एवढीच विनंती. अहवाल सावनेरजवळच्या एका वस्तीतील मजुराच्या कुटुंबाचा होता. 'सदर केसमधील कर्ता पुरुष व्यसनाधीन असून पत्नीमध्ये जाणीवजागृतीचा अभाव आढळून आला. समुपदेशनानंतर लाभार्थीमध्ये सकारात्मक बदल दिसून आला.' व्याकरण निर्दोष. अहवाल मिटून मी म्हणालो, आता त्या घराविषयी सांग.

ती अर्धा तास बोलत होती. ठेकेदाराने चार माणसांदेखत 'उद्यापासून येऊ नको' म्हटले, त्या दिवसापासून तो प्यायला लागला. बायको पैसे पिठाच्या डब्यात लपवते. तो तिथेच शोधतो, हे तिलाही ठाऊक असते. 'तो पयले असा नव्हता जी,' हे त्या बाईचे वाक्य मुलीने जसेच्या तसे जपून ठेवले होते. अहवालात मात्र त्यातले अक्षर नाही. का, तर 'ते प्रोफेशनल वाटत नाही'.

या 'प्रोफेशनल'पणाशीच माझे भांडण आहे. प्रशिक्षणाशी नाही. बाबा आमटे वकिलीचे शिक्षण घेतलेले कवी होते, तरी आनंदवन उभे राहिलेच ना, मग पदवी हवी कशाला, असा युक्तिवाद आमच्या स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येतो. तो आळशी आहे. दर गावाला एक आमटे मिळत नसतो. कायदा, योजना, मानसोपचार यांची माहिती असलेली साधी माणसे हवीच असतात. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, ती याच गरजेतून. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन. पण ते नागपाड्याच्या वस्तीत काम करून तिथवर आले होते. मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा १९१७चा ग्रंथ तर सारा पुरावा कसा गोळा करावा याविषयीच आहे: कुणाकडून, किती बारकाईने, कितपत विश्वास ठेवून. त्या बाईंनी हा अहवाल परत केला असता. परिभाषा परकी आहे ही तक्रार म्हणूनच मला फारशी पटत नाही. 'केसवर्क'चे 'व्यक्तिसहाय्य कार्य' केल्याने काय साधले? तपशील गाळून टाकणारी भाषा मराठीतही तितकीच परकी असते. 'लाभार्थी' म्हणजे ज्याला लाभ झाला तो. त्या बाईला कोणता लाभ झाला होता, हे अहवालभर सापडत नाही.

रिचमंड यांच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, २३ जानेवारी १९१९ रोजी, राम गणेश गडकरी याच सावनेरात वारले आणि त्यानंतर 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. सुधाकर दारूकडे वळतो तो न्यायालयात झालेल्या अपमानामुळे, सनद गेल्यामुळे. पेला पुढे करायला तळीराम असतोच. ठेकेदार, चार माणसे, 'उद्यापासून येऊ नको': अपमानातून व्यसन कसे उगवते याचा इतका सविस्तर अभ्यास मराठीत शंभर वर्षांपासून आहे. मी तिला म्हणालो, अहवालाआधी हे नाटक पुन्हा वाच. (मराठीच्या मास्तराला दुसरे सुचणार काय!)

आठवड्याने ती आली. अहवाल नव्याने लिहिला होता, त्या बाईच्या बोलीसकट. पण तिला बोलायचे होते ते सिंधूविषयी. नवऱ्याच्या हातून मरणाला टेकलेली सिंधू त्याला वाचवण्यासाठी खोटे सांगते. वस्तीतल्या त्या बाईच्या कपाळावरही जखम होती, आणि तीही 'पडली' असेच म्हणाली होती. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा, संरक्षण अधिकारी, जबानी घेताना नवऱ्याला बाहेर बसवण्याची खबरदारी, हे सगळे तिच्या वर्गात शिकवले गेले होते. त्या जोरावर तिने मला विचारले, 'सर, बी. ए.ला तुम्ही सिंधूचे ते खोटे बोलणे पातिव्रत्याच्या मुद्द्याखाली लिहून दिले होते. माझ्या वहीत आहे अजून.'

वही तिने सोबत आणली होती.