ताप मोजला, पुढे काय?

विद्यार्थी मित्रहो, ताप आला की डॉक्टर तापमापी लावतात. पण पारा पाहून ते निघून जात नाहीत. नाडी पाहतात, छाती तपासतात, चार दिवसांनी पुन्हा बोलावतात. समुद्रातील प्रवाळांच्या बाबतीतही नुसता पारा पाहून थांबता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

अरबी समुद्रातील लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच घडवली आहेत. भोवतालची प्रवाळभित्ती लाटांचा मारा अडवते, म्हणून तेथे वस्ती टिकून आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळाचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. असे प्रवाळ लगेच मरत नाही. पण पाणी लवकर निवले नाही, तर उपासमारीने मरते.

पाण्याचा हा ताप उपग्रह मोजतात. समुद्रपृष्ठातून निघणारी अवरक्त प्रारणे टिपून ते तापमान ठरवतात. सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा २ अंश अधिक उष्णता २ आठवडे टिकली, तर हिशेब ४ होतो. आकडा ४ वर गेला की विरंजन संभवते. ८ वर गेला की प्रवाळे मरण्याची भीती असते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र २०११ पासून उपग्रहांच्या आधारे आपल्या प्रवाळक्षेत्रांसाठी इशारे देत आहे. एवढा विस्तीर्ण समुद्र रोज न्याहाळणे कोणत्याही जहाजाला जमणार नाही.

परंतु ही प्रारणे केसाहून पातळ अशा वरच्या थरातून येतात आणि ढगांतून पार होत नाहीत. तापमानाच्या नकाशातला एक चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा असतो. त्यात उथळ खाजण आणि बाहेरचा खोल उतार दोन्ही येतात. १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी उपग्रहचित्रे आता मिळतात. पण तीही फसवू शकतात. मेलेल्या प्रवाळावर लवकरच शैवालाची पुटे चढतात. मग बरे झालेले आणि मेलेले, दोन्ही वरून सारखीच काळसर दिसतात!

लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये उष्णतेच्या मोठ्या लाटा आल्या. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथे संशोधक वर्षानुवर्षे पाण्यात उतरून मोजणी करत राहिले. म्हणूनच कळले की १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. २०२४ मध्ये तेथे पुन्हा विरंजन झाले.

तेव्हा इशारा येताच बेटावरच्याच प्रशिक्षित तरुणांनी पाण्यात उतरावे, आणि सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी करावी, अशी कायमची व्यवस्था हवी. तिला उपग्रहाच्या मानाने खर्च तो कितीसा? कुणी विचारील, मोजून पाणी थंड होते का? नाही. त्यासाठी कोळसा आणि तेल जाळणे कमी करावे लागेल. पण कोणती प्रवाळे तगली हे कळले, तर निदान तेथे नांगर टाकणे, गाळ उपसणे, सांडपाणी सोडणे थांबवता येईल.

मित्रहो, मोठेपणी उपग्रह जरूर बनवा. पण त्याआधी उत्तम पोहायला शिका.