फाटकापर्यंत तरी या



सायकलींची शर्यत आपल्या वस्तीतून जाणार म्हटलं की घराघरांत कुरकुर सुरू होते. रस्ता बंद, दूध उशिरा, मुलांची शिकवणी बुडणार. आणि बघायचं तरी काय, दोन मिनिटांत सगळे भुर्रकन निघून जातात! मला मात्र वाटतं, त्या दोन मिनिटांसाठी गॅस बंद करून खाली उतरावं. बायकांची शर्यत असेल तर नक्कीच.

पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ च्या पहिल्याच आधुनिक ऑलिंपिकमध्ये झाली. बायकांना ती मिळायला १९८४ उजाडलं. लॉस एंजेलिसच्या त्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत मिशन व्हिएहो या उपनगरात झाली. रोज जिथून मुलं शाळेत जातात, तेच रस्ते. पुरुषांना १९० किलोमीटर, बायकांना ७९. तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं! शेवटच्या क्षणी कॉनी कार्पेंटरने रेबेका ट्विगला मागे टाकलं, तेव्हा दोघींत चाकभरही अंतर नव्हतं.

उभं राहून काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच घरातलं उत्तर देते. करणं, करवून घेणं आणि अनुमोदना, तिन्हींचं फळ आपण मानतो. अठ्ठाईच्या तपस्वींची मिरवणूक निघते तेव्हा उपवास त्यांचा असतो, तरी आपण दारात उभ्या राहतोच ना? दुसऱ्याच्या कष्टाला मनापासून 'छान' म्हणायची सवय आपल्याला आहे. ती धर्मस्थानाबाहेरही न्यावी. कुणाची तरी लेक घाम गाळत आपल्या दारावरून जाते आणि रस्ता रिकामा असतो, हे मला बरं वाटत नाही.

मात्र अनुमोदनेतही सावधपणा हवा. २०२१ च्या टूर द फ्रान्समध्ये एका प्रेक्षक बाईने आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा रस्त्यावर धरला. तिचं तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ सायकलींकडे. एकजण त्यावर आदळला आणि मागचे कितीतरी धडाधड कोसळले. हेतू प्रेमाचाच होता, पण प्रमाद तो प्रमादच.

म्हणून फुटपाथवरच थांबा, मुलांचा हात धरा, सासूबाईंसाठी खुर्ची आणा. आणि पहिल्या सायकली गेल्या की लगेच वर पळू नका. सगळ्यांत मागे राहिलेल्या मुलीला टाळ्यांची जास्त गरज असते.