परतीची वाट

आमचे विद्यार्थी नेटवर्क स्विचवर आयपी पत्ते व मार्ग मांडावयास शिकूं लागले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु उतरवून घेतलेल्या आज्ञांवरून तें काम उरकणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. ती मांडणी प्रथम कागदावर व्हावी, असें आमचें मत आहे.

एक उदाहरण घेऊं. एका इमारतींत १९२.१६८.१०.० हें जाळें, व दुसरींत १९२.१६८.२०.० हें जाळें आहे. मास्क २५५.२५५.२५५.० असल्यानें प्रत्येक जाळ्यांत २५४ पत्ते देतां येतात. दोन्ही स्विच मार्ग दाखविण्यास समर्थ असून, त्यांस जोडणाऱ्या तारेवर त्यांचे पत्ते १९२.१६८.१.१ व १९२.१६८.१.२ असे आहेत. आतां पहिल्या स्विचास सांगावें कीं, दुसऱ्या इमारतीकडे जाणारें सर्व कांहीं १९२.१६८.१.२ च्या हवालीं कर. ह्यासच स्टॅटिक रूट म्हणतात. पुष्कळ मुलें येथेंच थांबतात. मग निरोप पोहोंचतो, पण उत्तर येत नाहीं. कारण दुसऱ्या स्विचास परतीची वाट कोणी सांगितलेलीच नसते!

कोणी म्हणेल, मार्ग आपोआप शोधणाऱ्या पद्धती असतां हे कष्ट कशाला? मोठ्या जाळ्यांस त्या पद्धती हव्यातच. परंतु ज्यानें हे दोन मार्ग स्वतः विचार करून लिहिले नाहींत, त्यास बिघाड कोठें आहे हें कसें उमगावें? म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, गुणपत्रकाबरोबर पाल्याचा तो कागदही पाहावा; आणि त्यावर जाण्याचा बाण आहे तसा येण्याचाही आहे ना, एवढेंच विचारावें.