खुब्याचा एमआरआय आणि ऑपरेशनची घाई

विशी-तिशीतल्या खेळाडूची जांघ महिनोन् महिने दुखते. एमआरआय होतो, अहवालात ‘लॅब्रल टिअर’ असे येते आणि घरात एकच सूर लागतो : फाटले आहे ना, मग ऑपरेशन करून मोकळे व्हा. ही घाई मला साफ नामंजूर आहे.

या म्हणण्याला आधारच नाही असे मात्र नाही. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा असला किंवा खोबणीची कड जास्त पुढे आलेली असली, तर उकिडवे बसताना, मांडी आत वळवताना हाडावर हाड अडते. खोबणीच्या कडेची मऊ झालर, म्हणजे लॅब्रम, चिरडते, आतली कूर्चा सुटू लागते. बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले, की पुढे सांधा झिजण्याचे हे एक कारण आहे. तेव्हा ‘या वयात कसला खुबा दुखतो, शीर आखडली असेल’ म्हणून तरुणांना वाटेला लावणारेही चूकच.

पण चीर दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले, हे कशावरून? खुब्याची कसलीही तक्रार नसलेल्या ४५ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ६९ टक्क्यांच्या लॅब्रममध्ये चीर आढळली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणूनच तज्ज्ञांच्या २०१६ च्या वॉरिक सहमतीने हाडावर हाड अडण्याच्या या विकाराच्या निदानासाठी तिन्ही गोष्टी आवश्यक मानल्या : रुग्णाची तक्रार, तपासणीतली लक्षणे आणि प्रतिमेतला पुरावा.

‘ऑपरेशन म्हणजे निव्वळ धंदा’ हा उलट टोकाचा आरोपही टिकत नाही. ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. वर्षभरानंतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेला गट शंभराच्या मापनात सरासरी ६.८ गुणांनी सरस ठरला. मात्र खास आखलेले व्यायाम करणारा गटही सुधारला होता.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. आधी रुग्णाला टेबलावर उताणे झोपवा. गुडघा वर घेऊन मांडी आतल्या बाजूला वळवा आणि नेहमीची कळ तिथेच येते का ते पाहा. एक्स-रेमध्ये हाडाचा आकार तपासा. खोबणी उथळ तर नाही ना, याचीही खात्री करा, कारण तिथे उपचाराची दिशाच बदलते. मग जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नितंबाचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम काही महिने नेटाने करा. कळ आणणारी खोल बैठक तेवढे दिवस टाळा. एवढे करूनही दुखणे हटले नाही आणि तिन्ही पुरावे जुळत असतील, तर शस्त्रक्रियेला घाबरू नका आणि उगाच लांबणीवरही टाकू नका. कूर्चा फार झिजल्यावर शस्त्रक्रियेचा लाभ घटतो. खुब्याला हात न लावता नुसत्या अहवालावर ऑपरेशनची तारीख मिळत असेल, तर ती घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.