स्काउटची फूटपट्टी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे तीस संघ हल्ली दर जुलैमध्ये कॉलेजांतली आणि हायस्कुलांतली पोरं आपापसांत वाटून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू तिसरं वर्ष संपलं किंवा वयाची एकविशी गाठली की ड्राफ्टसाठी पात्र होतो. यादीत कॉलेजचा इनफिल्डर आला की दोन पक्षांचं ठरलेलं भांडण सुरू होतं. जुने स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, म्हणतात, अंगकाठी बघा. आकडेवाले म्हणतात, अंगकाठी कसली बघता, तीन वर्षांची सरासरी बघा. माझ्या मते दोघेही चुकतात, आणि ते दाखवायला दुसऱ्या बेसवरचे दोन बुटके गडी पुरेसे आहेत.

आधी स्काउटांचं बघू. फलंदाजी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक अशा पाच गुणांना ते २० ते ८० असे मार्क देतात; ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. पद्धत वाईट नाही. पण जे टेपने आणि स्टॉपवॉचने मोजता येतं, त्याच्यावर माणसाचा विश्वास जरा जास्तच बसतो. म्हणून साठ यार्डांच्या धावेची वेळ वहीत ठळक लिहिली जाते. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, साठ यार्ड सरळ रेषेत पळतो कधी? आपल्याकडे शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना ही जागा ठाऊक असते. उजव्या हाताचा फलंदाज फटका मारून ९० फुटांवरचा पहिला बेस साधारण ४.३ सेकंदांत गाठतो. तेवढ्यात सरपटत आलेला चेंडू उचलायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि फेकायचा. इथे कामाला येतं ते पहिलं पाऊल. चांगल्या शॉर्टस्टॉपचं वजन बॅट चेंडूला लागायच्या क्षणीच एका बाजूला झुकलेलं असतं. ते बघायला मैदानाच्या कडेला बसून आठ-दहा सामने डोळे शिणवावे लागतात.

डस्टिन पेड्रोया हा ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा शॉर्टस्टॉप, पुढे दुसऱ्या बेसवर गेलेला. कागदावरची उंची पाच फूट नऊ इंच, आणि तीही उदार हस्ते लिहिलेली, असं म्हणत. २००४ च्या ड्राफ्टमध्ये तो ६५व्या क्रमांकापर्यंत उरला. त्या वर्षी पहिल्या फेरीत निवड नसलेल्या बोस्टन रेड सॉक्सने त्याला दुसऱ्या फेरीत उचललं. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याची सरासरी ०.२०० च्याही खाली होती आणि टीकाकारांना कंठ फुटला होता. हंगाम संपताना ती ०.३१७ होती आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच होता. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला: २१३ हिट, त्यांतले ५४ डबल. कारकिर्दीत एकूण चार गोल्ड ग्लोव्ह.

यावर आकडेवाले टाळ्या वाजवतील. बघा, कॉलेजातले आकडे खरे बोलत होते! थोडं थांबा. आता निक मॅड्रिगल घ्या. ओरेगन स्टेटचा, उंची पाच-आठ. २०१८ मध्ये त्याचा संघ कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकला आणि त्या अख्ख्या हंगामात तो फक्त सात वेळा स्ट्राइकआउट झाला. शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला थेट चौथ्या क्रमांकावर घेतलं. आकडा खोटा नव्हता. पुढे मायनर लीगमध्येही त्याला चकवणं महाकठीण होतं. पण चेंडूला बॅट लावणं वेगळं आणि चेंडूला इजा करणं वेगळं. मेजर लीगमधल्या पहिल्या चार हंगामांतले त्याचे होमरन हाताच्या बोटांवर मोजता येतात. तो दुखापतींनी मागे पडला, असं त्याचे वकील म्हणतात. २०२१ मध्ये मांडीचा स्नायू फाटला हे खरंच, पण फटक्यातली ताकद मांडी धड असतानाही नव्हती. त्याच वर्षी त्याची शिकागोच्याच कब्सकडे रवानगी झाली.

म्हणजे उंची जवळपास तीच, चेंडू ओळखायची नजरही तशीच तल्लख, आणि निकाल दोन टोकांचे. फरक स्विंगमध्ये आहे. पेड्रोया एवढ्याशा अंगाने प्रत्येक चेंडूवर तुटून पडायचा. त्या स्विंगला नावं ठेवणारेही होते. मॅड्रिगल चेंडू मोकळ्या जागेत नेऊन ठेवायचा. कॉलेजात दोन्ही चालतं, कारण तिथली बॅट धातूची. आतल्या बाजूला घुसलेला वेगवान चेंडू मुठीजवळ लागला, तरी धातूची बॅट त्याला इनफिल्डरांच्या डोक्यावरून काढून देते. लाकडी बॅट तिथे मोडते, आणि चेंडू दुसऱ्या बेसकडे मुकाट्याने घरंगळतो. २०११ पासून कॉलेजच्या बॅटींवर कडक निकष आले आणि होमरन घटले, तरी धातूची बॅट ती धातूचीच. म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड लीगमधले उन्हाळी सामने मी वसंतातल्या कॉलेज हंगामाच्या सगळ्या सरासऱ्यांपेक्षा मोलाचे मानतो. तिथे १९८५ पासून लाकडी बॅट आहे आणि समोर देशभरातल्या कॉलेजांचे निवडक पिचर असतात. तिथे आतल्या चेंडूवर पोरगा काय करतो, ते बघावं.

दुसरी गोष्ट जागेची. ‘हा पुढे शॉर्टस्टॉपला टिकणार नाही’ हा शेरा स्काउट शिक्कामोर्तब केल्यासारखा मारतात. पण कॉलेजचे बरेच शॉर्टस्टॉप पुढे सरकतातच. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा अलेक्स ब्रेगमन २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनकडे गेला. तिथे शॉर्टस्टॉपला कार्लोस कोरेया होता, म्हणून हा तिसऱ्या बेसवर गेला आणि २०१९ मध्ये त्याने ४१ होमरन ठोकले. विचारायचं ते एवढंच, की जागा बदलल्यावर याची बॅट त्या जागेला पुरेल का? कब्सने मॅड्रिगललाही तिसऱ्या बेसवर उभं करून पाहिलं. हात जमले, बॅट पुरली नाही.

मॅड्रिगलला चौथ्या क्रमांकावर घेणं ही चूक होती. पेड्रोया पहिल्या फेरीतच जायला हवा होता.