मुलांचा मोबाइल आणि आपली राखण



मुलांचा मोबाइल आईवडिलांनी पाहावा का? भोपाळमधल्या आपल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न आता घरोघरी आहे. पाहिला तर मुले चिडतात, नाही पाहिला तर आपल्याला झोप लागत नाही. ही काळजी उगाच नाही. जानेवारी 2022 मध्ये याच शहरात अकरा वर्षांच्या एका मुलाने जीव गमावला. मोबाइलवरील खेळाच्या नादाशी त्या घटनेचा संबंध जोडला गेला आणि ऑनलाइन खेळांसाठी कायदा करू, असे राज्य सरकारने जाहीर केले.

आम्हांला वाटते, लक्ष जरूर ठेवावे. पण मुलांना सांगून ठेवावे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांच्या येशूची हकीकत आहे. वल्हांडण सणाहून परतताना मरीया आणि योसेफ यांना वाटले, मुलगा सोबतच्या लोकांत असेलच. असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. आपलेही असेच होते. मुलगी शेजारच्या खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे आपण धरून चालतो. अनोळखी माणूस मात्र दार न वाजवता तिच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

मरीया आणि योसेफ मागे फिरले. तीन दिवसांनी येशू मंदिरात सापडला, तेव्हा आईने आपल्या जिवाची घालमेल त्याला सांगितली, कारण विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. ते उत्तर त्यांना नीट उमगलेही नाही. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

काही पालक मुलांना न सांगता पासवर्ड मिळवतात, गुपचूप ॲप टाकतात. हे कधी ना कधी उघडकीस येतेच. मग मूल दुसरे खाते उघडते आणि मनाचे दार लावून घेते. उद्या कोणी फोटोवरून धमकावले, तर ते कोणाकडे जाईल? धमकावणाऱ्याचे सारे बळ ‘घरी कळले तर’ या भीतीतच असते.

इन्स्टाग्रामवर किशोरवयीनांच्या खात्यांसाठी पालकांना देखरेखीची सोय आहे. मूल अलीकडे कोणाशी बोलले हे त्यात दिसते, काय बोलले हे दिसत नाही. ही मर्यादा आम्हांला योग्य वाटते. तेराव्या वर्षी लगाम आखूड असावा, सतराव्या वर्षी सैल.

घरात तीन गोष्टी ठरवू या. रात्री सगळ्यांचे मोबाइल बैठकीच्या खोलीत राहतील, आईबाबांचेसुद्धा. आपण काय पाहणार, हे मुलांना आधी सांगू. आणि तिसरी सर्वांत मोठी: चूक झाली असली तरी येऊन सांगितल्याबद्दल मोबाइल हिसकावला जाणार नाही, हा शब्द देऊ व पाळू. कोणी धमकावलेच, तर पुरावा पुसू नये, पैसे देऊ नयेत, पोलिसांकडे जावे. मुलांसाठी 1098 आणि सायबर फसवणुकीसाठी 1930 हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

हे प्रभू, तू झोप न घेता आमची राखण करतोस. आमच्या मुलांवर लक्ष ठेवताना आम्हांला तुझ्यासारखे धीराचे कर, म्हणजे संकटात ती आमच्यापासून पळणार नाहीत, आमच्याकडे धावत येतील. आमेन.