गोळ्या मागण्यात लाज कसली?

आपल्या मोहल्ल्यात कुणाला शुगर झाली की दहा जण डॉक्टर सुचवतात. डोक्याचा आजार झाला की तेच दहा जण बाबा सुचवतात. 2001 मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमाला आग लागली, साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण गेले. अंधश्रद्धेवर आपण बोलतो, बोलायलाच हवे. पण जो हिंमत करून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचतो आणि चौथ्या महिन्यात पैशांअभावी गोळ्या बंद करतो, त्याच्याबद्दल कोण बोलणार?

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढून वाचा. कलम 18 सांगते की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधे सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या रुग्णालयांत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक ठिकाणी, सर्व रुग्णांना कायम मोफत मिळाली पाहिजेत. लिथियम, रिस्पेरिडोन, फ्लुऑक्सेटिन राष्ट्रीय यादीत आहेत. माणूस दारिद्र्यरेषेखालचा असेल तर कार्ड नसले तरी त्याचे उपचार मोफत. धर्मावरून भेदभाव करायचा नाही, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे ही खैरात नाही, हक्क आहे.

आता खिडकीवर या. बोरीवलीत राहणाऱ्या माझ्या मामूंना बायपोलरचा आजार आहे. ते शिलाईकाम करतात, दिवस बुडाला की मजुरी बुडते. त्यांच्यासोबत मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत अनेकदा उभा राहिलो आहे. केसपेपर, डॉक्टर, मग औषधांची खिडकी, आणि तिथे उत्तर: "ही गोळी नाही, बाहेरून घ्या." कधी मिळेल? "माहीत नाही." लिथियम अचानक थांबले तर आजार उलटतो, हे त्या खिडकीला कोण सांगणार?

योजनांचे बोर्ड चौकाचौकात आहेत. पण महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. मामू कोसळून वॉर्डात गेले तर सरकार खर्च करील, ते कोसळू नयेत म्हणून रोज लागणाऱ्या गोळीला त्यात जागा नाही. हा हिशेब कुठल्या शहाण्याने मांडला?

मी सॉफ्टवेअरवाला आहे. माझ्या फोनवर बोरीवलीतल्या कुठल्या दुकानात कुठला शाम्पू शिल्लक आहे ते दिसते. राज्याच्या आरोग्य विभागाकडे औषधसाठ्यासाठी ई-औषधी ही प्रणाली आहे. मग कुठल्या सरकारी दवाखान्यात आज लिथियम आहे, हे रुग्णाला घरबसल्या का दिसू नये? यात तांत्रिक अडचण काहीही नाही. साठा उघड केला की रिकामे कपाटही उघड होते, अडचण ती आहे.

कुणी म्हणेल, आपली जकात आहे ना. आहे, आणि रमजानच्या रेशन किटसोबत वर्षभराच्या गोळ्यांचाही विचार जमातींनी जरूर करावा. कैरोत 1284 मध्ये सुलतान कलावूनने उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांवरही उपचार होत, आणि ते वक्फच्या उत्पन्नावर चाले. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुआसोबत दवाही देण्याचा प्रयोग झाला. परंपरा आडवी येत नाही. पण जकातीने सरकारची जबाबदारी माफ होत नाही. आपण कर भरतो.

तेव्हा दोस्तांनो, कामाला लागा. डॉक्टरांना ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा, जनऔषधी केंद्रात तीच गोळी 50 ते 90 टक्के स्वस्त मिळू शकते. मात्र गोळी त्यांना विचारूनच बदला. घरात कुणाचा पगार 21,000 रुपयांच्या आत असेल आणि कंपनी ईएसआयखाली येत असेल, तर त्या दवाखान्यातून कुटुंबालाही औषध मिळते. रात्री-अपरात्री बोलायला 14416 हा टेलीमानसचा मोफत नंबर आहे. आणि खिडकीवर "नाही" ऐकलेत तर ते केसपेपरवर लिहून मागा. कलम 28 खाली रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, मग पुनर्विलोकन मंडळाकडे आणि राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. माहितीच्या अधिकारात गेल्या वर्षी किती दिवस साठा नव्हता ते विचारा.

एकट्या मामूंचा अर्ज फाइलमध्ये पडून राहील. एका वॉर्डातून पन्नास अर्ज गेले तर उत्तर द्यावेच लागेल. अर्ज मराठीतच लिहा, आणि खाली आपले पूर्ण नाव लिहायला लाजू नका.